चुकांचा तास

माझ्या भाचीला दहावीला गणितात एकतीस गुण पडले. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला पंचेचाळीस लागतात. पंचेचाळीस म्हणजे काही मोठा डोंगर नव्हे, आणि तिचा सख्खा मामा त्याच शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवतो म्हटल्यावर लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाचे सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "पेपर अवघड होता म्हणे यंदा." मी म्हटलं, हो, होता अवघड. पेपर अजिबात अवघड नव्हता. मी तो खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्या उभ्या अर्ध्या तासात सोडवला होता.

बायकोला सगळं सांगून झालंय. ती म्हणते, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. उगाच नाही लावून घेत. पण ते तिला पटवायला मुळापासून सांगावं लागतं, आणि मुळापासून सांगायला लागलो की तिला भाजी चिरायची आठवण होते.

तर मुळापासून. माझी ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. तळघरात. वरच्या सहा मजल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं एका पत्र्याच्या घसरगुंडीतून खाली तिच्यापुढे येऊन पडतं. मेव्हणे गेले तेव्हा भाची चार वर्षांची होती आणि ताईला मिळेल ते काम हवं होतं. तिथेच तिची वीस-बावीस वर्षं जायची आहेत, हे तिला तेव्हाच कळलं असावं, कारण तिने पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं की पोरगी या इमारतीत येईल तर वरच्या मजल्यावर, नर्स होऊन. खाली नाही. पोरगी आठवीत आमच्या शाळेत आली त्या दिवशी ताई मला म्हणाली, "अरे, हिचं तेवढं गणित तू बघ. बाकीचं सगळं मी बघते." मी म्हटलं, "ताई, तू निर्धास्त राहा." असं मी बोललो. जिभेला काय, हाड थोडंच असतं.

आता माझ्या शिकवण्याविषयी. मी जुना खडूस मास्तर. माझ्या तासाला वर्गात पंखा फिरल्याचा आवाज यायचा, दुसरा नाही. मुलं उत्तर द्यायची ती माझा चेहरा बघून. भुवई वर गेली की उत्तर बदलायची. मला वाटायचं, वा, काय शिस्त आहे. तीन वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. नवनवीन अध्यापन पद्धती वगैरे. मी झोप काढायच्या तयारीने गेलो होतो. पण तिसऱ्या दिवशी तिथले साहेब म्हणाले, "मुलं चुकायला घाबरतात, म्हणून विचार करत नाहीत. तुमच्या वर्गात शेवटची चूक कोणी मोठ्याने केली, आठवतंय का?" मला आठवेना. एकही आठवेना. मान खाली घालून बसलो, वही उघडून उगाच काहीतरी लिहिल्यासारखं केलं. माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की मग ती सुटत नाही, हा माझा जन्माचा दोष आहे.

परत आल्यावर मी दर गुरुवारी शेवटचा तास चुकांचा तास केला. नियम तीन. एकाने फळ्यावर यायचं आणि गणित त्याला जसं येतं तसं सोडवायचं, सोबत मोठ्याने कारण सांगायचं. वर्गाने त्यातली चूक शोधायची आणि सापडल्यावर चुकणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या, कारण त्याच्यामुळे सगळ्यांना शिकायला मिळालं. आणि तिसरा, बरोबर काय ते शिक्षकाने सांगायचं नाही. जीव गेला तरी सांगायचं नाही. मुलांनीच शोधायचं.

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने सोन्यासारखे गेले. ज्या पोरींनी पाच वर्षांत कधी तोंड उघडलं नव्हतं त्या फळ्यापाशी येऊन माझ्याशी हुज्जत घालायला लागल्या. मी घरी येऊन बायकोला एकेकीची नक्कल करून दाखवायचो. मग हुशार मुलांच्या लक्षात आलं की टाळ्या चुकीला मिळतात. ती घरून चुका तयार करून आणायला लागली. अधिकच्या जागी मुद्दाम वजा. असल्या चुका वर्गाला पाच सेकंदांत सापडायच्या आणि तास मिळमिळीत व्हायचा. खरी चूक मिळणं मुश्किल झालं.

अशात एका गुरुवारी भाची फळ्यापाशी आली. नववीत होती. गणित साधं: एक काम आठ माणसं पंधरा दिवसांत करतात, तर बारा माणसं किती दिवसांत करतील? माणसं वाढली की दिवस कमी व्हायला हवेत, दहा दिवस. हिने माणसं वाढवली तसे दिवसही वाढवले आणि लिहिलं, साडेबावीस. मी नियमाप्रमाणे विचारलं, "का?" ती म्हणाली, "सर, आठ माणसं असली की आठही कामाला लागतात. बारा झाली की त्यातले चार साहेब होतात. ते बाकीच्यांना कामं सांगतात, मग भांडणं होतात." कोणीतरी ओरडलं, "आणि तो अर्धा दिवस?" ती गंभीरपणे म्हणाली, "शेवटच्या दिवशी अर्धी सुट्टी देतात."

वर्ग लोटपोट. मीसुद्धा. बाकावर टेकून डोळे पुसले मी. त्या दिवसापासून सगळी शाळा तिला साडेबावीस म्हणायला लागली. तिलाही ते आवडायचं. आत्तापर्यंत तिची ओळख म्हणजे गणितवाल्या सरांची ढ भाची अशी होती. आता ती फळ्याकडे निघाली की पोरं बाकं वाजवायची.

ती दर वेळी चुकायची आणि दर वेळी असं काहीतरी कारण द्यायची की ऐकत राहावं. तिची चूक शोधायला वर्गाला अर्धा अर्धा तास लागायचा, कारण तिच्या बोलण्यात तथ्य असायचं. मोठ्या बाई येऊन बसल्या. मग दुसऱ्या शाळांचे शिक्षक आले, मग ते प्रशिक्षणाचे साहेब स्वतः. त्यांनी मला कार्यक्रमांना बोलवायला सुरुवात केली. सव्वीस वर्षांत मला कोणी एक फूल दिलं नव्हतं, आणि आता लोक मला चुकांचे सर म्हणून ओळखत होते. हुरळून गेलो. दुसरा शब्द नाही त्याला.

रविवारी ती माझ्याकडे अभ्यासाला यायची. घरी मी सर नाही, मामा. वही माझ्यापुढे सरकवून म्हणायची, "मामा, ते फळ्यावरचं राहू दे. बरोबर कसं येतं ते एकदा नीट सांग ना." मी म्हणायचो, "सांगायचं नाही असा नियम आहे, माहितीये ना? स्वतः शोधलेलं आयुष्यभर टिकतं." ती म्हणायची, "पण मला सापडत नाही." मी म्हणायचो, "सापडेल." मग ती पेन्सिल चावत बसायची आणि मी पेपर वाचत बसायचो. पाच मिनिटांचं काम होतं. नुसतं म्हणायला हवं होतं की पोरी, इथे उलटं कर. मला खरंच वाटायचं की मी तिच्या भल्याचं करतोय. बहुतेक वेळा वाटायचं. एकदा दाढी करताना मनात आलं होतं की हिला जमायला लागलं तर गुरुवारी फळ्यावर पाठवायचं कोणाला? आलं तसं झटकून टाकलं. पण आलं होतं.

दहावीच्या परीक्षेला महिना राहिला असताना मोठा कार्यक्रम ठरला. बाहेरून पंचवीस पाहुणे, मागच्या बाकांवर बसणार, चित्रीकरण होणार आणि ते सगळ्या शाळांना दाखवणार. मोठ्या बाई मला चार वेळा म्हणाल्या, "साडेबावीसलाच घ्या हं." मी तिला काही शिकवून ठेवलं नव्हतं, तेवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. मी फक्त गणित असं निवडलं की ती चुकणारच. नळांचं. सहा नळ टाकी वीस मिनिटांत भरतात, तर आठ नळ किती मिनिटांत?

त्या सकाळी ती शाळेच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती. म्हणाली, "मामा, मला एक गंमत कळलीये. त्या माणसांच्या गणितांची." माझ्या एका हातात पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्या हातात फळ्यासाठी नवीन खडू. मी म्हटलं, "वर्गात सांग गं, आत्ता नको." ती बरं म्हणून आत गेली.

तास सुरू झाला. मी गणित लिहिलं, तिला बोलावलं. बाकं वाजली. पाहुण्यांनी वह्या उघडल्या. तिने खडू घेतला आणि काही न बोलता मांडणी केली. सहा गुणिले वीस, भागिले आठ. खाली लिहिलं, पंधरा. आणि वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा असा फुलला होता तिचा, की काय सांगू.

बरोबर होतं. पंधराच उत्तर.

पुढचा सगळा तास त्या चुकीवर उभा होता. चूकच नाही, तर वर्ग शोधणार काय, पाहुणे बघणार काय? मागे कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि मी भुवई वर केली. जुनी सवय. म्हटलं, "नीट बघ. खात्री आहे? पुन्हा एकदा विचार कर, घाई करू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फळ्याकडे वळून तळहाताने पंधरा पुसले. आठ गुणिले वीस, भागिले सहा. सव्वीस पूर्णांक दोन तृतीयांश. मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "सर, नळ वाढले की प्रत्येकाला पाणी कमी येतं. आमच्या वरच्यांनी नळ सोडला की आमच्याकडे धार बारीक होते." पाहुणे खूश. हशा, टाळ्या. वर्गाने वीस मिनिटं वाद घालून चूक शोधली, पंधरा उत्तर काढलं, पुन्हा टाळ्या. प्रशिक्षणाच्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर हलवला. ती कधी खाली जाऊन बसली ते मी बघितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. ताईने सांगितलं, घरीच करते म्हणते अभ्यास. मी म्हटलं, चांगलं आहे की, स्वतःच्या पायावर उभी राहतेय.

निकाल लागला त्या दिवशी ताई माझ्याकडे आली. रडली नाही. एका कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, "तू तरी किती करणार रे. तिला डोकंच नाही, बापावर गेलीये." माझ्या बायकोने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी एवढंच म्हटलं, "उत्तरपत्रिकेची प्रत मागवतो. कधी कधी तपासणारे चुकतात." तपासणाऱ्याने चूक केली असेल, अशी मी देवाजवळ प्रार्थना करत होतो. दुसऱ्या कोणाची तरी चूक निघू दे, बस.

प्रत आली ती मी शिक्षकांच्या खोलीत उघडली. तपासणाऱ्याने काही चूक केली नव्हती. दुसऱ्या प्रश्नात तिने गणित स्वच्छ सोडवलं होतं, उत्तर बरोबर होतं, आणि त्यावर पट्टीने एक सरळ रेघ मारून खाली तेच गणित उलटं करून चुकीचं लिहिलं होतं. तिसऱ्यातही तसंच. चौथ्यात तर अख्खं पान बरोबर, आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट. सहा ठिकाणी. मी लाल पेन घेऊन खोडलेल्यांना गुण देत गेलो. सत्तावन्न झाले. पुन्हा मोजले. सत्तावन्नच.

भूगोलाचे सर म्हणाले, "काय, सापडलं काही?" मी म्हटलं, नाही. प्रत घडी करून खिशात घातली. तेवढ्यात मोठ्या बाई दारातून डोकावल्या आणि विचारलं, "सर, जूनमध्ये पुन्हा पाहुणे यायचेत. साडेबावीसच्या जागी यंदा कोणाला तयार करताय?" मी त्यांना म्हणालो, हा तास आता बंद करू या. त्या म्हणाल्या, असं कसं, आता तो आपल्या शाळेचा राहिलाय का, चाळीस शाळांत चालू झालाय.

चाळीस शाळा. मी खिशातल्या प्रतीवर हात ठेवून बाहेर पडलो.

दुपारी इस्पितळात गेलो. भाची आठवडाभरापूर्वीच ताईबरोबर कामाला लागली होती, हे मला माहीत होतं, पण तिथे जाऊन तिला बघितलं नव्हतं. तळघरात उतरलं की आधी गरम वाफ तोंडावर येते, मग आवाज. आठ मशिनं ओळीने. ती एका लांब टेबलाशी उभी राहून चादरींच्या घड्या करत होती. डोक्याला कापड बांधलेलं. ताई पलीकडे मशिनांपाशी होती, तिने लांबूनच हात केला.

मी प्रत टेबलावर उघडली आणि म्हटलं, "हे काय आहे?"

तिने बघितलं. घडी हातातली पुरी केली, मग म्हणाली, "खोडलेलं बरोबर होतं का?"

"सगळं. सहाच्या सहा. सत्तावन्न गुण होते तुला."

तिने पुढची चादर ओढली. मग म्हणाली, "मला ते इथल्या कामावरूनच कळलं होतं. दोन मशिनं बंद पडली होती तेव्हा आई उशिरा घरी यायची. मशिनं कमी, तर वेळ जास्त. मग उलटं करून बघितलं. एवढी सोपी गोष्ट, मला हसायलाच आलं." तिने चादरीची टोकं जुळवली. "तेच सांगायला आले होते तुला फाटकापाशी."

"मग परीक्षेत का खोडलंस?"

"उत्तर पटकन आलं की मला वाटायचं, चुकलंय. तू भुवई वर केलीस असं वाटायचं. मग खोडायचे." मग तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मामा, त्या दिवशी तुला माहीत होतं ना, पंधरा बरोबर आहे?"

सव्वीस वर्षं पोरांना मी प्रश्न विचारले. मला कोणी इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "हो."

तिने मान हलवली. राग नव्हता चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं, मी ऐकून घेतलं असतं, चार थोबाडीत खाल्ल्या असत्या. मी भडाभडा बोलायला लागलो. की तीन महिन्यांनी फेरपरीक्षा आहे, फॉर्म मी आणलाय, रोज संध्याकाळी मी इथे येतो, इथेच बसून शिकवतो, सगळं सांगतो, काही शोधायला लावत नाही, बरोबर असेल तिथे लगेच बरोबर म्हणतो. सगळ्या नियमांना आग लागो. तुला सगळं येतंय गं, फक्त खोडायचं नाही, बाकी काही नाही.

ती ऐकत होती आणि घड्या घालत होती. मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिने तो ओला होऊ नये म्हणून उचलून माझ्याच हातात दिला.

"तू बरोबर म्हणालास तरी मला कसं कळणार, मामा?" ती म्हणाली. "खरंच बरोबर आहे, की तुला तसं हवंय म्हणून म्हणतोयस?"

पलीकडून ताईने ओरडून विचारलं, "काय म्हणतात रे, वाढतील का गुण?" मशिनांच्या आवाजात तिला आमचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. भाचीनेच मान हलवून तिला नाही म्हणून सांगितलं. ताईने कपाळाचा घाम पुसला आणि ती मशिनाकडे वळली.

घसरगुंडीतून वरच्या मजल्याचे कपडे धाडकन खाली येऊन पडले. भाचीने ढकलगाडी ओढली. मी तिच्या वाटेत उभा होतो.

"मामा, जरा बाजूला हो," ती म्हणाली.

मी बाजूला झालो.